सुडो नाही, तरी डेस्कटॉप दुरुस्त करता येतो: लिनक्सच्या साध्या खात्यासाठी

मशीनवर लिनक्स आहे, तुमचं खातं साधं आहे आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे नाही. लॉगिन केलं तर पॅनलच गायब. किंवा पासवर्ड बरोबर दिला तरी लॉगिनचा पडदा पुन्हा समोर येऊन उभा. नेटवर शोधावं तर प्रत्येक उत्तराची पहिली ओळ सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या शब्दाने, सुरू होते, आणि आपली गाडी तिथेच अडते.

हा लेख सुडो मिळणारच नाही असं धरून लिहिलाय. डेस्कटॉपच्या तक्रारींना बहुतेक वेळा तो लागतही नाही. डेस्कटॉपचे मूळ प्रोग्राम सिस्टमच्या फोल्डरांत असतात आणि तिथे लिहायची तुम्हाला परवानगी नसते, म्हणजे ते तुमच्या हातून बिघडूच शकत नाहीत. पॅनलची मांडणी, थीम, शॉर्टकट, एक्स्टेन्शन, कीबोर्डच्या भाषा, साठवलेले पासवर्ड हे सगळं मात्र तुमच्या होम फोल्डरमध्ये असतं, आणि तिथले मालक तुम्हीच. तुमच्या हातून जे बिघडलं ते तिथेच बिघडलं असणार, आणि तिथलं दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही.

कमांडबद्दल एक खुलासा. इथे त्या उच्चारतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. 'डॅश' म्हणजे वजाबाकीची खूण, 'डॉट' म्हणजे टिंब. ज्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं ती लपलेली असते. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की अशा फाइली दिसतात, पुन्हा दाबलं की लपतात.

आणि एक सवय आत्ताच लावून घ्या: काहीही डिलीट करायचं नाही, नाव बदलायचं. 'डॉट कॉन्फिग'चं 'डॉट कॉन्फिग डॅश जुनं' केलं की डेस्कटॉपच्या लेखी ते फोल्डर नाहीच, पण तुमच्याकडे ते शाबूत राहतं. अंदाज चुकला तर नाव पूर्ववत करायचं, की झालं.

आधी बघा, बिघाड कुणाच्या हद्दीत आहे

हे न बघता सुरुवात केली तर तासन्‌तास भलत्याच जागी शोधत बसाल. मी बसलोय.

१. त्याच मशीनवर दुसऱ्या कुणाचं खातं असेल तर त्यांना लॉगिन करून बघायला सांगा. त्यांचं नीट चालत असेल तर दोष तुमच्या होममध्ये आहे, पुढे वाचा. त्यांनाही तोच त्रास असेल तर दोष सिस्टमचा आहे. मग थेट शेवटच्या भागाकडे जा; तुमच्या सेटिंग चिवडून काही उपयोग नाही.

२. दुसरं कुणी नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर सेशन बदलून बघा. नोम नावाच्या डेस्कटॉपच्या लॉगिनवर स्वतःच्या नावावर क्लिक केल्यानंतरच कोपऱ्यात दातेरी चाक उगवतं, त्याआधी दिसत नाही. म्हणून अनेकांना ते आहे हेच माहीत नसतं. तिथे वेलँड आणि एक्स-ऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा) असे पर्याय असतील तर दुसरा निवडा. एकावर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, हा धागा पुढे फार कामाला येतो. लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांपैकी फेडोराने २०१६ मध्ये २५व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २०२१ मध्ये २१.०४ पासून वेलँड हा मूळ पर्याय केला. नोम ४९ मध्ये तर एक्स-ऑर्गचं सेशन मुळातच बंद ठेवलंय, त्यामुळे नव्या मशीनवर हा पर्याय दिसला नाही तर गोंधळू नका.

३. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'आयडी' एवढीच कमांड द्या. तुम्ही कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात ते दिसेल. डेबियन-उबुंटूवर 'सुडो' आणि फेडोरा-आर्चवर 'व्हील' हा ग्रुप यादीत असेल, तर तुमचं खातं साधं नाहीच! असे लोक मला भेटले आहेत.

नसेल, आणि तरी कुणी सुडो चालवून बघितलंच, तर 'तुम्ही सुडोअर्स फाइलमध्ये नाही' असं उत्तर येतं. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्यापुढे 'या घटनेची नोंद कळवली जाईल' असंही यायचं, आणि ते वाचून नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात लॉगमध्ये एक ओळ जाते, फार तर ॲडमिनला एक मेल. घाबरू नका, पण पुन्हा पुन्हा करूही नका.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिनचा पडदा पुन्हा समोर

सगळ्यांत घाबरवणारा बिघाड हाच, म्हणून इथे जरा थांबू.

पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिन. 'पासवर्ड चुकला' असा निरोप नाही. याचा अर्थ तुम्हाला आत घेतलं होतं, पण डेस्कटॉप सुरू होता होता कोसळला आणि तुम्हाला बाहेर टाकलं. आता आत शिरायला दुसरं दार वापरायचं.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीही दाबावी लागते. काळ्या पडद्यावर 'लॉगिन' असा शब्द आणि पुढे लुकलुकणारी खूण दिसेल. युजरनेम टाइप करून एंटर. मग पासवर्ड. इथे टिंबं, तारे काहीच उमटत नाहीत, की दाबली गेली की नाही तेही कळत नाही. बिचकू नका, पूर्ण टाइप करा आणि एंटर दाबा.

इथेही नकार आला तर मात्र पासवर्डच चुकतोय किंवा खातं बंद झालंय. फेललॉक (पासवर्ड चुकत राहिला की खातं बंद करणारी सोय) लावलेल्या मशीनवर मूळ सेटिंगप्रमाणे तीनदा चुकलं की खातं १० मिनिटं बंद राहतं. वैतागून पुन्हा पुन्हा ठोकत बसण्यापेक्षा उठून पाणी पिऊन या.

आत शिरलात की तीन गोष्टी याच क्रमाने तपासा.

*जागा संपली का?* 'डीएफ', स्पेस, 'डॅश एच', स्पेस आणि एक टिंब, अशी कमांड द्या. एक ओळ येईल, त्यात टक्क्यांचा आकडा बघा. शंभर टक्के असेल तर चोर सापडला. डेस्कटॉप सुरू होताना होममध्ये दोन-चार बारक्या फाइली लिहितो. त्या लिहिता आल्या नाहीत की तो आडवा होतो. यात एक गंमत आहे. ईएक्सटी-४ प्रकारच्या डिस्कवर मूळ सेटिंगप्रमाणे पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टमच्या सर्वाधिकारी खात्यासाठी, राखून ठेवलेली असते. तुमच्यासाठी डिस्क भरलेली असते आणि ॲडमिनचं काम मात्र सुरळीत चालू असतं, म्हणून तो 'माझ्याकडे तर सगळं ठीक आहे' म्हणतो. तो खोटं बोलत नसतो.

डिस्कवर जागा दिसते आणि तरी लिहिता येत नसेल तर तुमच्या खात्याला कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लावलेला असू शकतो. 'कोटा डॅश एस' ही कमांड तो दाखवते.

जागा कुणी खाल्ली हे बघायला 'डीयू डॅश एच डॅश डी १' द्या. होममधल्या प्रत्येक फोल्डरचा आकार येतो, लपलेल्यांचाही. सुट्या फाइलींसाठी 'एलएस डॅश एलएएच'. 'डॉट कॅश'मधलं सगळं काढून टाकलं तरी चालतं, ते पुन्हा तयार होतं. नाव बदलायच्या नियमाला हा एकच अपवाद, कारण नाव बदलून जागा सुटत नाही. कचरापेटी 'डॉट लोकल'च्या आतल्या 'शेअर'च्या आतल्या 'ट्रॅश'मध्ये असते. या फोल्डरच्या नावातलं टी मोठं आहे.

माझ्या बाबतीत चोर निघाला 'डॉट एक्स-सेशन-एरर्स' नावाची फाइल. पॅनलवरचं एक हवामान दाखवणारं ॲपलेट बिघडून सेकंदाला शेकडो ओळी त्यात ओतत होतं. डेस्कटॉप मागे गोठलेला, मी एफ-३ वर. मोठ्या ऐटीत फाइल उडवली, डीएफ पुन्हा चालवलं, तर आकडा जागचा हलेना. तीनदा बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला: ज्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरली होती तो अजून जिवंत होता. लिनक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी कुणीतरी ती धरून बसलं असेल तोवर जागा सुटत नाही. ते सेशन मारलं आणि क्षणात जागा मोकळी झाली. सेशन कसं मारायचं ते पुढे येईलच.

*तुमच्या फाइलींचा मालक दुसराच झालाय का?* होममध्ये 'एलएस डॅश एलए' द्या. प्रत्येक ओळीत परवानग्यांनंतर मालकाचं नाव असतं. 'डॉट एक्स-ऑथॉरिटी' आणि 'डॉट आयसीई-ऑथॉरिटी' या दोन फाइलींपुढे तुमच्या नावाऐवजी 'रूट' दिसतंय? मग कारण बहुधा असं: कुणीतरी मदत करायला म्हणून तुमच्याच डेस्कटॉपवर बसून एखादा खिडकीवाला प्रोग्राम सुडोने उघडला. त्या प्रोग्रामने रूट म्हणून तुमच्या घरात फाइली लिहून ठेवल्या आणि आता त्या तुम्हालाच वाचता येत नाहीत.

इथे बहुतेक मार्गदर्शक मालकी बदलायला सांगतात, आणि त्याला सुडो लागतो. पण गरज नाही. लिनक्समध्ये फाइल हलवण्याचा किंवा पुसण्याचा हक्क फाइलच्या मालकीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्यावर ठरतो. होम तुमचं आहे, म्हणून त्यातली रूटची फाइलसुद्धा तुम्ही बाजूला सारू शकता. 'एमव्ही', स्पेस, जुनं नाव, स्पेस, नवं नाव. पहिल्या फाइलमध्ये एक्स मोठा आहे, दुसरीत आयसीई ही तीन अक्षरं मोठी. पुढच्या लॉगिनला दोन्ही तुमच्या नावाने नव्याने तयार होतात. रूटच्या मालकीचं भरलेलं फोल्डर मात्र तुम्हाला पुसता येणार नाही, कारण आतल्या फाइलींवर तुमचा हक्क चालत नाही. पण त्याचं जागच्या जागी नाव बदलता येतं आणि आपलं काम तेवढ्यावर भागतं.

*सुरुवातीच्या फाइलीत काही चुकीचं लिहिलंय का?* 'डॉट प्रोफाइल', 'डॉट बॅश-प्रोफाइल', 'डॉट एक्स-प्रोफाइल' यांपैकी एखादीत नुकतीच कुठली ओळ चिकटवली होती का, आठवून बघा. एक चुकीची 'एक्झिट' पुरते. पाथची (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ते सांगणारी) ओळ चुकली असेल तर 'एलएस'सुद्धा सापडत नाही म्हणून ओरड होते. अशा वेळी कमांडच्या आधी स्लॅश, 'बिन', स्लॅश लावून पूर्ण पत्ता द्या. संशयित फाइलचं नाव बदला.

काम झालं की 'एक्झिट' टाइप करा आणि कंट्रोल-ऑल्टसोबत एफ-१ दाबून लॉगिनच्या पडद्यावर परत या. तिथे नसेल तर एफ-२, तिथेही नसेल तर एफ-७.

लॉगिन होतं, पण पॅनल, मेन्यू किंवा खिडक्यांच्या पट्ट्या गायब

एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉगिन करा. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मेन्यूच नसेल तर ऑल्ट आणि एफ-२ दाबा. कमांड टाइप करायची छोटी चौकट उघडते, आणि पॅनल मेलेलं असलं तरी ती बहुधा जिवंत असते.

लॉग आउट न करता डेस्कटॉपचा फक्त दर्शनी भाग पुन्हा सुरू करता येतो. पद्धत तुमच्या डेस्कटॉपच्या प्रकाराप्रमाणे वेगळी. सिनॅमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप. एक्सएफसीईमध्ये 'एक्सएफसीई-४ डॅश पॅनल डॅश आर'. माते असेल तर 'माते डॅश पॅनल डॅश डॅश रिप्लेस'. केडीईच्या प्लाझ्मात 'सिस्टमसीटीएल डॅश डॅश युजर रीस्टार्ट प्लाझ्मा डॅश प्लाझ्माशेल'. नोममध्ये ऑल्ट-एफ-२ च्या चौकटीत नुसतं 'आर' टाइप करून एंटर दाबायचं, पण हे एक्स-ऑर्गवरच चालतं. वेलँडवर लॉग आउटला पर्याय नाही, उगाच प्रयत्न करू नका.

एवढ्याने भागलं नाही तर सेटिंगच्या फाइली बाजूला सारायच्या. इथे एक खाचखळगा आहे आणि मी त्यात पडलोय. एक्सएफसीईचं पॅनल विस्कटलं म्हणून मी त्याची फाइल उडवली, लॉग आउट केलं, लॉगिन केलं, तर तेच विस्कटलेलं पॅनल हजर. पुन्हा उडवली, पुन्हा हजर. कारण असं की एक्सएफसीईच्या सेटिंग सांभाळणारा एक कारकून मागे चालू असतो, 'एक्सएफकॉन्फडी' त्याचं नाव. त्याच्या स्मरणात जुनी मांडणी असते, आणि त्याला बदल लिहायची वेळ आली की तो ती सगळी पुन्हा फाइलमध्ये उतरवतो. मी पुसत होतो आणि तो लिहीत होता.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. डेस्कटॉपमधून पूर्ण लॉग आउट करा.
२. दहा-पंधरा सेकंद थांबा. लॉग आउट केल्यावरही तुमच्या खात्याच्या मागच्या सेवा लगेच बंद होत नाहीत.
३. मगच कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ वर लॉगिन करा आणि फाइलचं किंवा फोल्डरचं नाव बदला.
४. 'एक्झिट', मग नेहमीच्या पडद्यावरून लॉगिन.

कशाचं नाव बदलायचं ते डेस्कटॉपवर अवलंबून. एक्सएफसीईचं सगळं 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'एक्सएफसीई-४' फोल्डरमध्ये. प्लाझ्माच्या पॅनलांची आणि विजेटांची मांडणी 'डॉट कॉन्फिग'मधल्याच एका लांबलचक नावाच्या फाइलमध्ये असते. ते नाव 'प्लाझ्मा'ने सुरू होऊन 'ॲपलेट्सआरसी'ने संपतं. खिडक्या नीट वागत नसतील तर 'केविनआरसी'.

नोम, सिनॅमन आणि माते यांचं वेगळं आहे. या तिघांच्या बहुतेक सेटिंग एकाच फाइलमध्ये असतात: 'डॉट कॉन्फिग', त्यात 'डीकॉन्फ', त्यात 'युजर'. ती मजकुराची फाइल नाही, उघडून वाचता येत नाही. तिचं नाव बदललं तर डेस्कटॉपसोबत इतर कितीतरी ॲपच्या आवडीनिवडीही जातात. कुऱ्हाडीऐवजी सुरी वापरायची असेल तर डेस्कटॉप जेमतेम चालू असताना टर्मिनलमध्ये 'डीकॉन्फ रीसेट डॅश एफ' आणि पुढे नेमका मार्ग द्या. सिनॅमनसाठी तो आहे स्लॅश, 'ऑर्ग', स्लॅश, 'सिनॅमन', स्लॅश. शेवटचा स्लॅश विसरू नका. त्याआधी 'डीकॉन्फ डंप', स्पेस, स्लॅश, मग गणितातली 'पेक्षा मोठं' ही खूण आणि एखादं फाइलचं नाव देऊन सगळ्या सेटिंगची वाचता येणारी प्रत काढून ठेवा.

नोमवाल्यांनी मात्र यातलं काही करायच्या आधी एक्स्टेन्शनांवर संशय घ्यावा. नोमची आवृत्ती वाढली की जुनी एक्स्टेन्शनं मान टाकतात, आणि अपडेट ॲडमिनने केलेलं असल्यामुळे तुम्हाला वाटतं आपण तर काहीच केलं नाही. 'एक्स्टेन्शन्स' ॲपमध्ये सगळ्यांत वर एकच बटण असतं, ते बंद करा. तिथवर पोचताच येत नसेल तर काळ्या पडद्यावरून 'डॉट लोकल', 'शेअर', 'नोम डॅश शेल' या वाटेने जाऊन आतल्या 'एक्स्टेन्शन्स' फोल्डरचं नाव बदला. चालू झालं की एकेक परत आणा, दोषी आपोआप उघडा पडतो.

कशात दोष आहे याचा काहीच अंदाज नसेल तर अख्ख्या 'डॉट कॉन्फिग'चं नाव बदलून बघा. डेस्कटॉप नव्यासारखा उघडला तर दोष त्यातच आहे. मग जुन्यातली निम्मी फोल्डरं परत आणा, बघा, उरलेल्याची निम्मी आणा, बघा. पन्नास फोल्डरं असली तरी सहा-सात फेऱ्यांत गाठ पडते. क्रोमियमसारख्या ब्राउझरचे बुकमार्क आणि लॉगिनही याच फोल्डरमध्ये असतात. इथे डिलीटची घाई केलीत तर पॅनल मिळेल आणि बुकमार्क जातील.

आवाज

आधी आवाज म्यूट नाही ना आणि योग्य स्पीकर निवडलाय ना ते सेटिंगमध्ये बघा. मग हे लक्षात घ्या की आवाजाची यंत्रणा तुमच्याच खात्यात चालते, सिस्टममध्ये नाही, म्हणून ती पुन्हा सुरू करायला सुडो लागत नाही. 'सिस्टमसीटीएल डॅश डॅश युजर रीस्टार्ट', पुढे 'पाइपवायर', 'पाइपवायर डॅश पल्स' आणि 'वायरप्लंबर' ही तीन नावं स्पेस देऊन. फेडोरावर ३४व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूवर २२.१० पासून पाइपवायर आहे. त्याहून जुन्या मशीनवर 'पल्सऑडिओ डॅश के' द्या, ते मरतं आणि स्वतःच पुन्हा उठतं. 'डॅश डॅश युजर' गाळलंत तर मशीन ॲडमिनचा पासवर्ड मागेल किंवा अशी सेवाच नाही म्हणेल. लोक तिथे अडून परत फिरतात.

कीरिंगचा पासवर्ड

ॲडमिनने तुमचा पासवर्ड बदलून दिला आणि त्या दिवसापासून 'लॉगिन कीरिंग उघडली नाही' अशी खिडकी छळतेय? साठवलेल्या पासवर्डांच्या पेटीला अजून जुनीच किल्ली आहे. 'पासवर्ड्स अँड कीज' हे ॲप उघडा, 'लॉगिन'वर राइट क्लिक करून पासवर्ड बदला. जुना तो जुना, नवा तो आताचा. जुना आठवतच नसेल तर 'डॉट लोकल', 'शेअर', 'कीरिंग्ज' इथली 'लॉगिन डॉट कीरिंग' बाजूला सारा. नवी कोरी पेटी तयार होईल, जुन्यातले पासवर्ड मात्र गेले असं समजा. पुढच्या वेळी पासवर्ड स्वतःच सेटिंगमधून बदला. तेव्हा बहुधा पेटीची किल्लीही सोबत बदलते.

पडदा गोठला

कंट्रोल-ऑल्ट-एफ-३, लॉगिन, 'टॉप'. सगळ्यांत वर जो प्रोसेसर खात बसलाय त्याचा डावीकडचा क्रमांक लक्षात ठेवा. 'के' दाबा, क्रमांक द्या, एंटर, पुन्हा एंटर. स्वतःच्या खात्यातला कुठलाही प्रोग्राम तुम्ही मारू शकता, दुसऱ्याचा नाही. काहीच उमजत नसेल तर 'पीकिल डॅश यू' आणि पुढे स्वतःचं युजरनेम. तुमचं सगळं सेशन संपतं, ज्या काळ्या पडद्यावर बसलात तोही बहुधा जातो आणि न साठवलेलं काम तर जातंच. तरीही पॉवरचं बटण दाबून धरण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, विशेषतः मशीनवर आणखी कुणी लॉगिन असेल तेव्हा.

फाँट आणि टायपिंग

देवनागरीच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाँटची फाइल 'डॉट लोकल', 'शेअर', 'फाँट्स' इथे ठेवा (फोल्डर नसेल तर तयार करा) आणि 'एफसी डॅश कॅश' चालवा. टायपिंग मध्येच इंग्रजीवर अडकलं तर 'आयबस रीस्टार्ट'. दोन्हीला सुडो नको.

ॲडमिनकडे जायचंच असेल तर

काही गोष्टी खरोखर तुमच्या हाताबाहेरच्या आहेत: ग्राफिक्सचा ड्रायव्हर, सिस्टमची पॅकेजं, बंद झालेलं खातं, वाढवून हवा असलेला कोटा, प्रिंटर जोडणं. तिथे जाताना 'चालत नाही हो' एवढंच घेऊन गेलात तर दोघांचाही वेळ जातो.

लॉग सोबत न्या. 'जर्नलसीटीएल डॅश डॅश युजर डॅश बी' तुमच्या खात्याच्या या बूटपासूनच्या नोंदी दाखवतं. संपूर्ण सिस्टमच्या नोंदी साध्या खात्याला दिसत नाहीत. काही मशीनवर हे रिकामंच येतं. मग 'डॉट एक्स-सेशन-एरर्स' बघा, आणि प्लाझ्मावर 'डॉट लोकल', 'शेअर', 'एसडीडीएम' या फोल्डरमध्ये सेशनचे लॉग असतात. पाठवण्याआधी एकदा नजर फिरवा. फाइलींची नावं, कधी कधी पत्तेही त्यात उघडे असतात.

निरोप साधारण असा लिहा:

"नमस्कार. काल दुपारी मशीनचं अपडेट झाल्यापासून माझ्या खात्यात लॉगिन केल्यावर नुसता करडा पडदा येतो, पॅनल येत नाही. शेजारच्या खात्यातही तेच होतं. वेलँड आणि एक्स-ऑर्ग दोन्हीवर करून पाहिलं. होममध्ये १२ जीबी जागा शिल्लक आहे. डॉट कॉन्फिग आणि एक्स्टेन्शन्स बाजूला सारून पाहिलं, फरक नाही. दोन्ही परत जागेवर ठेवलं आहे. लॉग सोबत जोडला आहे."

ॲडमिन तुमच्या खुर्चीत येऊन बसला तर एक विनंती करा: फाइल मॅनेजर किंवा एडिटर सुडोने उघडू नका. पासवर्ड मागणारी खिडकी आली तर तिथे ॲडमिनचं नाव दिसतं, तो त्याच्या खात्याचा पासवर्ड तिथेच टाकू शकतो, तुम्हाला लॉग आउट व्हावं लागत नाही. आणि तो उठून गेल्यावर एकदा 'एलएस डॅश एलए' चालवून मालकाच्या रकान्यात 'रूट' तर उमटलेलं नाही ना, ते बघून घ्या.